वकिलावाचून कामगार

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ही म्हण ज्याने केली त्याच्या डोळ्यांपुढे वाटणीचे, वहिवाटीचे आणि बांधाचे दावे असले पाहिजेत. तेथे पायरी न चढण्याचे स्वातंत्र्य माणसाला असते. बांधाची चार हात जमीन सोडून दिली, तरी उरलेल्या शेतात पीक येते. परंतु ज्याचे सारे शेत म्हणजे एक नोकरी, आणि ती नोकरीच एका सकाळी कारखान्याच्या फाटकावर ओळखपत्र काढून घेऊन संपविण्यात आली, त्याने काय सोडून द्यावयाचे? त्याला पायरी चढावीच लागते. ती चढताना बरोबर वकील असतोच असे नाही.

अशा माणसाचा विचार आज येथे करावा, असे आम्ही योजिले आहे. कामगार न्यायालय म्हणा, औद्योगिक न्यायाधिकरण म्हणा, त्याच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास गेले की तो दिसतो. काखेत कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली कागदपत्रे. समोर कंपनीचे अधिकारी, त्यांचे कायदा सल्लागार आणि मजकुराने फुगलेल्या चार फायली. पुकारा होतो. "तुमच्या वतीने कोण?" असे विचारले जाते. तो म्हणतो, "मीच, साहेब."

या "मीच"मध्ये धाडस किती आणि नाइलाज किती, हे ज्याचे त्याला ठाऊक. आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. हा माणूस नियमाला अपवाद म्हणून तेथे उभा आहे, की कायद्याने त्याला तेथे उभे राहण्यासाठीच बोलाविले आहे? आणि बोलाविले असेल, तर तो इतक्या वेळा हरतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रथम पाहू. नोकरी हा एक करार आहे, असे जुना दिवाणी कायदा मानतो. करार मोडला तर नुकसानभरपाई मिळेल. पण नको असलेला नोकर मालकाच्या गळ्यात न्यायालयाने पुन्हा बांधावा, हे त्या कायद्याला मान्य नाही. दोन समान माणसांमधल्या कराराला हे तत्त्व शोभते. हजारो माणसे कामावर ठेवणारी कंपनी आणि महिन्याच्या पगारावर घर चालविणारा माणूस यांना समान धरले, तर मात्र ते अन्यायाचे होते. ही अडचण ओळखूनच १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा झाला. त्या वर्षीच्या १ एप्रिलला तो अमलात आला. पुढे दोनच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या औद्योगिक न्यायाधिकरणासमोरील एका वादात फेडरल कोर्टाने निर्णय दिला की, काढून टाकलेल्या कामगाराला कामावर परत घेण्याचा आदेश असे न्यायाधिकरण देऊ शकते. दिवाणी न्यायालयाला जे करता येत नव्हते, ते या नव्या संस्थेला करता येऊ लागले. कामगाराच्या दृष्टीने या कायद्याचे सारे मोल येथे आहे.

या नव्या संस्थेत वकिलाला मुक्तद्वार ठेवलेले नव्हते, हे पुष्कळांना माहीत नसते. समेट अधिकाऱ्यापुढे वकिलाने यावयाचेच नाही. न्यायालयापुढे यावयाचे, तर दुसऱ्या पक्षाची संमती हवी आणि न्यायालयाची परवानगीही हवी, असा १९४७ च्या कायद्याचा दंडक होता. कामगाराने स्वतः बोलावे, किंवा त्याच्या वतीने युनियनच्या पदाधिकाऱ्याने वा सहकाऱ्याने बोलावे, ही मूळ कल्पना होती. म्हणजे आमचा पिशवीवाला माणूस अपवाद नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात जो पक्षकार होता, तो हाच.

कल्पना उत्तम होती. पण ती अमलात येईपर्यंत दार एकदम उघडले नाही, तसूतसूने उघडले. पहिली अडचण अशी की, "औद्योगिक विवाद" म्हणजे काय? एका माणसाला काढले, तर तो त्या माणसाचा खाजगी वाद, की साऱ्या कामगारांचा? नागपूरच्या एका मोटार वाहतूक कंपनीतील नोकराला १९५० साली हयगयीच्या आरोपावरून काढून टाकण्यात आले. त्याच प्रकरणातील फौजदारी खटल्यातून तो १९५२ साली निर्दोष सुटला. त्याने मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायद्याखाली नोकरी परत मागितली. कंपनीचे म्हणणे असे की, हा आता आमचा नोकरच नाही. मग नोकरासाठी केलेला कायदा त्याला लागू कसा? हा युक्तिवाद ऐकून हसू येईल. पण तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५६ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सांगितले की, काढून टाकलेला नोकरही या कायद्यापुरता नोकरच होय. तसे नसते, तर मालकाने माणसाला फाटकाबाहेर काढावे आणि त्याच कृतीने न्यायालयाचे दारही त्याच्यासाठी लावून घ्यावे, असा प्रकार झाला असता.

प्रांतिक कायद्यामुळे त्या नोकराचे काम झाले. परंतु १९४७ च्या केंद्रीय कायद्याविषयी त्याच निर्णयात असेही म्हटले गेले की, एकट्याचा वाद हा आपोआप औद्योगिक विवाद होत नाही. युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी तो आपला म्हणून उचलला पाहिजे. याचा व्यवहारातला अर्थ स्पष्ट आहे. ज्याचे युनियनशी पटत नाही, किंवा ज्याच्या कारखान्यात युनियनच नाही, तो पोरका. हे पोरकेपण १ डिसेंबर १९६५ पासून संपले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने एकट्या कामगाराच्या बडतर्फीचा वादही औद्योगिक विवाद ठरला, मग पाठीशी कोणी असो वा नसो. तरीही वाद न्यायालयाकडे पाठवावयाचा की नाही, हे सरकारच्याच हाती राहिले. सरकारच्या टेबलावरून न पाठविता परत आलेले अर्ज थोडे नव्हते. १५ सप्टेंबर २०१० पासून तीही अडसर निघाली. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवस उलटले की कामगाराला थेट न्यायालयात जाता येऊ लागले. मुदत काढून टाकल्यापासून तीन वर्षांची.

आता १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. एकट्या कामगाराचा वाद हा औद्योगिक विवाद होय, हे तिने कायम ठेविले आहे, आणि वकिलासंबंधीचा जुना दंडकही ठेविला आहे. बदल मुदतीत आहे. वाद उपस्थित होऊन दोन वर्षे उलटली, तर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही. आणि समेट फसल्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयास हवा. "पुढच्या वर्षी पाहू" असे म्हणणाऱ्याला आता पुढचे वर्ष फार उरत नाही.

दार उघडे असणे आणि त्यातून आत जाता येणे, यांतही अंतर असते. याचा दाखला विलायतेत नुकताच मिळाला. नोकरदाराला वकिलाशिवाय, थोड्या खर्चात आणि लवकर न्याय मिळावा म्हणून तेथे १९६० नंतरच्या काळात औद्योगिक न्यायाधिकरणांची परंपरा वाढली. २०१३ च्या जुलैत सरकारने त्यांवर फी बसविली. बडतर्फीसारख्या दाव्याला अर्ज आणि सुनावणी मिळून १,२०० पौंडांपर्यंत फी पडू लागली. दाव्यांची संख्या शेकडा ६६ ते ७० ने घटली. मालक एकाएकी न्यायी झाले म्हणून ती घटली, असे कोणी म्हणू शकले नाही. एका कामगार संघटनेने हा प्रश्न लढविला, आणि २६ जुलै २०१७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरविली. आपल्याकडे बडतर्फीच्या वादाला अशी जबर फी कधी पडली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आपल्या कामगाराला दारात अडविणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. त्या दोन आहेत, आणि त्यांचीच ओळख करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

कोणी म्हणेल, त्यातली पहिली अडचण म्हणजे कामगाराला बोलता येत नाही. समोर वकील घडाघडा बोलतो, हा अडखळतो. हा समज अर्धाच खरा आहे. वकिलावरील निर्बंध कंपनीला फारसा जाचत नाही, हे खरे. १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, माणूस कंपनीचा किंवा मालकांच्या संघटनेचा खराखुरा अधिकारी असेल, तर तो वकिलीची पदवी घेतलेला आहे एवढ्यावरून त्याला अडविता येणार नाही. मोठ्या कंपनीकडे असे अधिकारी पगारावरच असतात. कारखान्यातील चौकशीतही हेच घडे. मुंबई पोर्ट ट्रस्टने आपल्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध चौकशी चालविली, तेव्हा बाजू मांडण्यासाठी आपला कायदा सल्लागार आणि त्याचा सहायक असे दोघे नेमले, आणि कर्मचाऱ्याने वकील मागितला तेव्हा नकार दिला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे असे ठरविले. मालकाने कायद्याची शिकलेली माणसे उभी केली, तर नोकरालाही तशी मदत मिळाली पाहिजे. हा निर्णय प्रत्येक कामगाराने ध्यानात ठेवावा. ज्याला आपल्यावरील चौकशीत कंपनीचा कायदेपंडित समोर बसलेला दिसेल, त्याने त्याच दिवशी, लेखी, आपल्यालाही वकील द्यावा असा अर्ज करावा. नकार मिळाला, तर तो नकारच पुढे त्याच्या उपयोगी पडतो.

पण बोलण्यातली उणीव भरून निघते. अडखळत बोलणाऱ्याचे म्हणणेही न्यायाधीश समजून घेतात. त्यांना रोज तेच करावयाचे असते. जी उणीव आयत्या वेळी भरून निघत नाही, ती कागदाची.

विचार करा. कामगाराने किती दिवस काम केले, हे कोठे लिहिलेले असते? मस्टरवर. मस्टर कोणाकडे? कंपनीकडे. पगारपत्रक, नेमणुकीचे पत्र, रजेचा हिशेब, चौकशीचा वृत्तांत, सारे कंपनीच्या कपाटात. कामगाराच्या अकरा वर्षांच्या आयुष्याची कथा त्याच्या प्रतिपक्षाने लिहिलेली असते आणि प्रतिपक्षाच्याच कुलपात असते. इतर दाव्यांत असे क्वचितच होते. बांधाच्या भांडणात सातबारा तलाठ्याकडे असतो, शेजाऱ्याकडे नसतो.

याचा परिणाम काय होतो, हे कर्नाटकातील दोन दाव्यांवरून कळेल. रोजंदारीवरच्या माणसाला काढताना कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस आणि पुऱ्या केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावयाचा, हा जुना नियम. पण त्यासाठी त्याने आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेले असले पाहिजे. वनखात्यातील एका कामगाराने शपथेवर सांगितले की, आपण २४० दिवस भरले होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, हे तर तुझे तूच तुझ्या बाजूने केलेले विधान. पगाराची पावती दाखव, नेमणुकीचा हुकूम दाखव. त्याच्याजवळ नव्हते. तो हरला. २००५ साली असाच दुसरा रोजंदार त्याच न्यायालयापुढे आला. त्याच्याजवळ वरिष्ठाने सहीनिशी दिलेला, त्याने किती काळ काम केले हे सांगणारा एक दाखला होता, आणि खात्याने हजेरीपट हजर करावेत अशी मागणी त्याने केली होती. खात्याने सारे हजेरीपट आणले नाहीत. तो जिंकला.

या दोघांत अधिक हुशार कोण, अधिक कष्टाळू कोण, हे आपल्याला माहीत नाही. निकालही त्यावर लागले नाहीत. एकाने कागद जपला आणि मागितला. दुसऱ्याजवळ तो नव्हता. मालकाच्या कुलपातील कागद मागण्याचा अधिकार कामगाराला आहे, आणि तो हजर करण्यास फर्मावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार न्यायाधिकरणाला आहेत. मात्र मागावे लागते, आणि नेमके मागावे लागते. "सर्व कागद आणा" असे म्हणून भागत नाही; "अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंतचे हजेरीपट आणि पगारपत्रके आणा" असे म्हणावे लागते. मागूनही मालकाने आणले नाहीत, तर न्यायालय त्याच्या विरुद्ध तर्क करू शकते. न मागितलेल्या कागदाबद्दल कोणाविरुद्ध तर्क करावयाचा?

कागदाचे महत्त्व कामावरून काढण्याच्या आधीपासून सुरू होते. "राजीनामा लिहून दे, हिशेब चांगला करू," असे सांगून कोरा किंवा टंकलिखित कागद पुढे सरकविण्यात येतो. त्यावरची सही ही बडतर्फीपेक्षा घातक. कारण मग "आम्ही काढलेच नाही, तो आपणहून गेला" असे म्हणण्यास कंपनी मोकळी. तशीच दुसरी युक्ती गैरहजेरीची. फाटकावर आत घ्यावयाचे नाही, आणि दहा दिवसांनी पत्र धाडावयाचे की, तुम्ही न कळविता गैरहजर आहात, सबब स्थायी आदेशांप्रमाणे तुमचे नाव कमी केले आहे. १९८० साली एका कारखान्यात असे नाव कमी झाले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, म्हणणे ऐकून न घेता आपोआप नाव कमी करणे चालणार नाही. उपजीविका ही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून ज्याला फाटकावर अडविले, त्याने घरी जाऊन नशिबाला दोष देत बसू नये. त्याच दिवशी पोस्टात जावे, आणि "मी आज कामावर हजर झालो होतो, मला आत घेतले नाही" एवढी दोन ओळींची चिठ्ठी पोचपावतीच्या टपालाने कंपनीला पाठवावी. ती पावती पुढे भल्याभल्या वकिलाच्या तासाभराच्या भाषणापेक्षा जास्त बोलते.

तसेच चौकशीचे. चौकशी नाटकी आहे, निकाल आधीच ठरला आहे, असे वाटून पुष्कळ कामगार तिच्यावर बहिष्कार टाकतात. हा राग समजण्यासारखा आहे. तरी तो महागात पडतो. हजर राहावे, साक्षीदाराला विचारावयाचे प्रश्न लिहून न्यावेत, आणि प्रश्न विचारू दिला नाही तर "विचारू दिला नाही" एवढे वृत्तांतावर लिहूनच सही करावी. १५ डिसेंबर १९७१ पूर्वी मालकाच्या चौकशीत दोष सापडला नाही, तर शिक्षा जड असली तरी न्यायालयाचे हात बांधलेले असत. त्या दिवसापासून न्यायालयाला पुरावा स्वतः तपासण्याचा आणि शिक्षा कमी करण्याचा अधिकार मिळाला. नव्या संहितेतही तो आहे. परंतु तपासण्यासाठी काही तरी नोंदलेले असले पाहिजे.

दुसरी गोष्ट काळ. कागद जपता येतो, काळ जपता येत नाही.

कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी १९८५ साली पोलिसांनी छापा घातला. त्याला निलंबित करण्यात आले. निर्वाह भत्ता मिळेना. तो आपल्या मूळ गावी केरळात गेला, आणि चौकशीच्या तारखांना येण्यास गाडीभाडे जमेना. चौकशी त्याच्या गैरहजेरीत उरकून १९८६ साली त्याला बडतर्फ केले. १९८७ साली त्याच छाप्यावर उभारलेल्या फौजदारी खटल्यातून तो निर्दोष सुटला. कंपनीने तरीही परत घेतले नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला तो १९९९ साली. माणसाची उपासमार करून त्याला चौकशीला बोलाविणे ही चौकशी नव्हे, हे त्या निर्णयाचे सार. निर्णय थोर आहे, पण मध्ये चौदा वर्षे गेली. २००१ साली ती खाणही बंद झाली.

मोठ्या मालकाला काळ स्वस्त पडतो. त्याचा पगारदार अधिकारी तारखेला जातो आणि त्या दिवसाचा पगारही घेतो. कामगाराचा तारखेचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. खालच्या न्यायालयात हरले तर उच्च न्यायालय आहे, तेथून पुढे दिल्ली आहे. मध्यंतरी मुलाची फी थकते, बायको शिवणकाम घेते, आणि एके दिवशी कंपनीचा माणूस "एवढे घे आणि मिटव" असा आकडा सांगतो. तो आकडा न्यायाचा नसतो, थकव्याचा असतो.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. कामगाराला परत घ्या असा निवाडा झाला आणि मालक वरच्या न्यायालयात गेला, तर तो वाद चालू असेपर्यंत शेवटचा पगार त्याला देत राहिला पाहिजे, असे १९८४ साली ठरले. कामगाराने फक्त आपण दुसरीकडे नोकरी करीत नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे. ही तरतूद संहितेतही आली आहे. मागील पगाराचा प्रश्न असाच. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, बडतर्फी बेकायदा ठरली तर पूर्ण मागील पगार हा सामान्य नियम. मधल्या काळात हा नियम बराच पातळ झाला. मग २०१३ साली महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या दाव्यात न्यायालयाने तो पुन्हा घट्ट केला. आपण मध्यंतरी कमाई करीत नव्हतो असे नोकराने सांगितले की, तो कमावीत होता हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर येते. आणि दावा लांबला याचा दंड नोकराला होऊ नये. म्हणून अर्जाच्या पहिल्याच पानावर "मी बेकार आहे" हे वाक्य असले पाहिजे. अनेकांच्या अर्जात ते नसते, आणि वर्षानुवर्षांचा पगार त्या एका वाक्यापायी बुडतो.

आता कोणी सरळ विचारील, की मग वकील करावा की करू नये? आमचे उत्तर असे की, मिळत असेल तर जरूर करावा. न मिळाल्यास थांबू नये. आणि तो मिळू शकतो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत कायदेशीर मदतीस पात्र असलेल्यांची यादी आहे. तीत औद्योगिक कामगाराचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि स्त्रियांचाही. म्हणजे पुढल्या तारखेपूर्वी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील त्या कार्यालयात एक अर्ज करणे एवढेच काम. युनियन असेल तर तिच्याकडे जावे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असावी लागते. तिच्याकडे वर्षाच्या आत अर्ज करता येतो. यांतले काहीच साधले नाही, तर स्वतः उभे राहावे.

स्वतः उभे राहणाऱ्याने काय करावे, हे आता थोडक्यात सांगता येईल. आपली हकीकत तारीखवार एका कागदावर लिहावी. प्रत्येक तारखेपुढे पुरावा कोणता, आणि तो आपल्याजवळ आहे की कंपनीजवळ, हे मांडावे. कंपनीजवळचे कागद मागण्याचा अर्ज पहिल्या तारखांनाच द्यावा. "हा कामगारच नव्हे, हा तर सुपरवायझर", किंवा "हा आमचा नव्हे, कंत्राटदाराचा", हा कंपनीचा पहिला बचाव असतो. म्हणून हाताने काय काम करीत होतो, हुकूम कोणाचा पाळीत होतो आणि रजा कोण देत होता, हे आरंभीच सांगावे. हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष कामाला अधिक वजन असते. कंपनीच्या साक्षीदाराशी वाद घालू नये. एका वेळी एकच लहान प्रश्न विचारावा, आणि हवे ते उत्तर आले की थांबावे. आणि तारीख चुकवू नये. आजारी असलो तर कोणाकरवी तरी अर्ज धाडावा.

हे सारे सांगताना एक गोष्ट आमच्या मनाला टोचते, ती लपवीत नाही. इतकी सावधगिरी आम्ही दुबळ्या बाजूला शिकवीत आहो. मस्टर ज्याच्या कपाटात आहे त्याने ते पहिल्याच तारखेला, न मागता, न्यायालयापुढे ठेवावे, ही अपेक्षा काही मोठी नाही. तारखा देताना एका बाजूची मजुरी बुडते आणि दुसऱ्या बाजूची बुडत नाही, हे ध्यानात ठेवणे न्यायाधिकरणालाही अशक्य नाही. कामगाराने वकिलावाचून यावे अशी सोय कायद्याने केली. परंतु त्याने कागदावाचून यावे आणि उपाशीपोटी थांबावे, असे काही कायद्याच्या मनात नव्हते. जोवर हे दोन भार एकाच पारड्यात आहेत, तोवर "तुलाही बोलण्याची मुभा आहे" हे सांगणे खरे असले तरी पुरेसे नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, शेजारी वा नात्यात कारखान्यात जाणारा कोणी असेल. त्याला आज घरी गेल्यावर एवढेच विचारा, की नेमणुकीचे पत्र कोठे ठेवले आहे? पगाराच्या चिठ्ठ्या आहेत का? तो हसेल, नोकरी चालू असताना असल्या गोष्टी कोण पाहतो, म्हणेल. त्याला हसू द्या, आणि एक जाड पाकीट आणून द्या. ते पाकीट कधीच उघडावे लागू नये, ही सदिच्छा. पण उद्या एखाद्या सकाळी "तुमच्या वतीने कोण?" या प्रश्नाला "मीच" असे म्हणण्याची पाळी आली, तर तो मोकळ्या हाताने उभा राहणार नाही.